विमानातील डिस्प्लेच्या काचांवर लेपन करून देणारी सेवा : एक अभिप्राय

कॉकपिटमधील डिस्प्लेसमोर बसवण्याच्या काचांवर परावर्तनरोधक लेप देण्याचे काम आम्ही एका कारखान्याकडे सोपवले होते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. ढगांवरून उड्डाण करताना थेट ऊन पडले की एवढ्यानेही आकडे पुसट होतात, आणि वैमानिकाला नेमके तेव्हाच ते वाचायचे असतात. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा एकेरी थर हे परावर्तन दीड टक्क्याच्या खाली आणतो, परंतु आम्हाला अर्ध्या टक्क्याहून कमी हवे असल्याने निर्वात कक्षात चढवलेला बहुस्तरीय लेप निवडला.

हाती आलेल्या काचा खरोखर उत्तम निघाल्या. तिरप्या कोनातून पाहिल्यास परावर्तनाचा रंग किंचित बदलतो, पण हा थरांच्या व्यतिकरणाचा, म्हणजे वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याचा, स्वभावच आहे, त्याला दोष म्हणता येणार नाही. चिकटपट्टी ओढून घेतलेल्या चाचणीत आणि दमट उष्णतेत ठेवल्यावरही लेप कुठे सुटला नाही. प्रत्येक तुकडीसोबत वर्णपटाचा आलेख, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती परावर्तित होतो हे दाखवणारा आलेख, मिळाला, हे मला विशेष मोलाचे वाटते.

तक्रार एकच. काच तापवण्यासाठी मागच्या बाजूस दिलेल्या इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक वाहक थराच्या कडेचे आच्छादन (लेप देताना थराची कड ठरवणारे झाकण) पहिल्या तुकडीत सरकलेले होते, त्यामुळे विद्युतजोडणीची पट्टी नीट बसेना. त्यांनी त्या काचा विनातक्रार बदलून दिल्या, मात्र त्यात आमचे काही आठवडे गेले.