सेन्सर बदललेच नाहीत, बिल मात्र दोन सेन्सरचं

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या स्कॅनरवर पी-०१७१ आला की "ऑक्सिजन सेन्सर गेला" म्हणून पाच आकडी बिल लावायचं, हा प्रकार वाढलाय. अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सहा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीपायी असाच फटका बसला. जालन्यातल्या एका गॅरेजने धुरातला ऑक्सिजन मोजणारे पुढचा आणि मागचा (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा) असे दोन्ही सेन्सर बदलल्याचं सांगून १४,६०० रुपये घेतले. दिवा विझला. तुळजापूरहून परत येताना चौसाळ्याजवळ तो पुन्हा लागला. गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच होतं: "ईसीएम गेलाय, अडतीस हजार लागतील." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ते पैसे देण्याआधी शेतकऱ्याने गाडी दुसरीकडे दाखवली, म्हणून पुढचं नुकसान टळलं.

मुळात पी-०१७१ म्हणजे सेन्सर खराब असा अर्थ होत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएमने वाढवून दिलं तरी पुरत नाही, एवढंच तो कोड सांगतो. ही माहिती ईसीएमला सेन्सरकडूनच मिळालेली असते. सेन्सरच्या बिघाडाचे कोड वेगळे आहेत. पी-०१३० पुढच्या सेन्सरच्या सर्किटचा, पी-०१३३ तो मंद झाल्याचा. पी-०१३५ आणि पी-०१४१ हे पुढच्या-मागच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचे. हे दोन्ही एकदम आले तर आधी फ्यूज बघा, कारण बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटरला एकच फ्यूज असतो. मागच्या सेन्सरची वायर गाडीखालून जाते. काळ्या मातीचा चिखल, दगड आणि उंदीर यांनी ती तुटते किंवा कनेक्टरमध्ये पाणी जातं. तिथे सेन्सर बदलून काहीच होत नाही.

या गाडीत आधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे पाहिले. फ्यूएल ट्रिम म्हणजे ईसीएमने पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडा; शॉर्ट तात्पुरता, लाँग टिकून राहिलेला. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) या दोन ट्रिमची बेरीज +२७ टक्के, २५०० आरपीएमला +८. साधारण ±१० पर्यंत चालतं. म्हणजे ईसीएम आयडलला भरमसाठ पेट्रोल ओतत होता. प्लग काढले तर ते काळे, काजळी धरलेले. इथेच गोम सापडते. सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त. मग सेन्सर खोटं बोलतोय का, याची परीक्षा पाच मिनिटांत होते.

इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८० अंशांच्या वर जाऊ द्या, मग दोन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. झिरकोनिया सेन्सर, म्हणजे हा नेहमीचा प्रकार, ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही. थंड गाडीवर दाखवलेलं रीडिंग मानू नका. आता पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वर-खाली व्हायला हवा. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की तो ०.८ च्या वर गेला पाहिजे, आणि सोडला की ईसीएम इंधन तोडतो तेव्हा ०.१ च्या आसपास पडला पाहिजे. तसं झालं तर सेन्सर जिवंत आहे. ०.४५ वर खिळून राहिला तर सेन्सर किंवा वायर यांपैकी एक तुटलंय. मागच्याचं उलट: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ०.६-०.७ वर जवळजवळ स्थिर राहतो. "बघा, हलतच नाही, गेला" असं त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात. नेमक्या या एका वाक्यावर लोक फसतात.

एक खबरदारी. काही बीएस-६ गाड्यांत पुढे वाइडबँड हा वेगळ्या पद्धतीने मोजणारा सेन्सर असतो, बऱ्याचदा पाच वायरचा. त्याला हे आकडे लागू नाहीत आणि मल्टीमीटर लावायचाही नाही, स्कॅनरवरच बघायचं.

या गाडीचा पुढचा सेन्सर सगळ्या परीक्षांत पास झाला. दोष निघाला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) पॅकिंगमध्ये, इंजिन आणि पुढच्या सेन्सरच्या मध्ये. थंड गाडी चालू केल्यावर टकटक आवाज, धातू तापला की कमी. पॅकिंगच्या कडेला काजळीची रेघ. धुराच्या दोन झटक्यांमधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवत जातो. आरपीएम वाढले की धुराचा दाब वाढतो, हवा कमी शिरते, म्हणून ट्रिम खाली येते. अ‍ॅव्हरेज घसरलं होतं, त्याचं कारणही यातच आलं. पॅकिंग साडेतीनशे रुपयांचं. मेहनत खरी स्टडची, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांची: गंजलेला स्टड तुटला की काम दुप्पट होतं, म्हणून आदल्या रात्रीच पेनेट्रेटिंग स्प्रे मारून ठेवावा. पॅकिंग बदलल्यावर आयडलची ट्रिम +३ वर आली.

आणि ते दोन "नवे" सेन्सर? ते कधी खोललेच नव्हते. चुडीच्या (आट्यांच्या) तोंडाशी जुना गंज अखंड होता, षटकोनावर २२ च्या पान्याची खूणही नव्हती. नवा सेन्सर बसवला की चुडी जाम होऊ नये म्हणून लावलेल्या अँटी-सीझ पेस्टचा अंश कडेला दिसतो. इथे काही नव्हतं. स्कॅनरवर "कोड पुसल्यापासूनचं अंतर" ४१० किमी होतं, बिलाच्या तारखेशी जुळणारं. खऱ्या दुरुस्तीनंतरही कोड पुसतातच, त्यामुळे हा एकटा पुरावा होत नाही, पण गंजासोबत ठेवला की चित्र साफ होतं.

गाडी देण्याआधी सेन्सरवर ऑइल पेंटचा ठिपका लावा आणि फोटो काढा. कोड पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे (कोड आला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचे) फोटो मागा. जुना पार्ट परत घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. "कन्व्हर्टर बाद झालाय" म्हणाले तर तोही सोडू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव येतो.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बिल, गंजलेल्या चुडीचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा सही-शिक्क्याचा तपासणी अहवाल सोबत जोडा; सेन्सर मात्र तोवर खोलू नका.