हर-२ रिसेप्टर: बाहेरून अडवायचा की आतून?
स्तनाच्या कर्करोगाच्या दर पाचपैकी साधारण एका रुग्णात पेशींवर हर-२ रिसेप्टरची (वाढीचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाची) गर्दी झालेली असते. असा आजार जास्त आक्रमक असतो, हे अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लॅमन यांच्या संशोधनातून १९८७ मध्ये पुढे आलं.

त्यातून घडलेलं औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब (अमेरिकेत मंजुरी १९९८) ही अँटिबॉडी. ती सलाईनमधून दिली जाते, रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाला चिकटते आणि शिवाय प्रतिकारपेशींनाही तिथे बोलावते. लॅपॅटिनिब (२००७) ही रोज घ्यायची गोळी. तिचा रेणू इतका लहान, की थेट पेशीत शिरतो आणि रिसेप्टरच्या आतल्या भागात एटीपीची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) जागा अडवून वाढीचा संदेश तिथेच थांबवतो. काही गाठींमध्ये रिसेप्टरचा बाहेरचा भाग तुटलेला असतो. तिथे अँटिबॉडीला धरायला काही उरतच नाही, गोळीचं लक्ष्य मात्र शाबूत असतं.

कागदावर गोळी सरस वाटते, पण माझा कौल अँटिबॉडीलाच. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरच्या ‘आल्टो’ चाचणीत एकटी गोळी कमी पडली. गोळीने जुलाब आणि पुरळ होतात. अँटिबॉडीत हृदय जपावं लागतं, म्हणून दर तीन महिन्यांची टूडी इको अजिबात चुकवू नका.