निखळलेल्या मनगटाचं ऑपरेशन : ७ महिन्यांनंतर

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेहून परतताना विजापूर वेशीजवळ स्कूटी घसरली आणि सगळा भार उजव्या तळव्यावर आला. मी कडक भाकऱ्या करून विकते. उजवा हात बंद म्हणजे चूल बंद.

पहिल्या दवाखान्यात समोरून एकच एक्स-रे काढला. "हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे," म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. सूज उतरेना. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, रात्रभर मुंग्या. करंगळीला मात्र काहीच नाही. जाऊबाई तेल लावून चोळू म्हणत होत्या. नाही चोळलं, फार बरं झालं.

आठव्या दिवशी हाताच्या सर्जनकडे गेले. कुठली बोटं बधिर आहेत, हेच त्यांनी आधी विचारलं. मग मनगट नीट आडवं ठेवून बाजूने एक्स-रे घेतला. मनगटात ८ छोटी हाडं असतात. त्यातलं ल्युनेट नावाचं, चंद्रकोरीसारखं हाड तळव्याकडे कलंडलेलं होतं, जसा चहाचा कप लवंडावा. ते अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणाऱ्या मधल्या नसेवर दाबत होतं. समोरच्या जुन्या फोटोतही हाडांच्या कमानी तुटलेल्या त्यांनी पेनाने दाखवल्या. अशा दुखापतीत साधारण ४ पैकी एकाचं निदान सुरुवातीला हुकतं, असं ते म्हणाले. मला अजूनही त्या ८ दिवसांचा राग येतो. पडल्यावर बोटं बधिर असतील तर बाजूचा एक्स-रे मागूनच घ्या, लाजू नका.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, फक्त हाताला भूल देऊन. तळव्याकडून चीर घेऊन नस मोकळी केली, हाड जागेवर बसवलं. वरून दुसरी चीर घेऊन हाडांना बांधून ठेवणारं फाटलेलं लिगामेंट शिवलं आणि तारा घातल्या. ८ आठवडे प्लास्टर, मग तारा काढल्या.

खरी परीक्षा फिजिओथेरपीत. पीठ तळव्याने रगडताना मनगट मागे वाकावं लागतं आणि माझं नेमकं तिथेच अडतं. डाव्याच्या निम्म्याने वाकतं, पकडही कमी. पावसाळी हवेत ठणकतं. अंगठा पूर्ण शुद्धीवर आलाय, मधल्या बोटाचं टोक अजून सुन्न आहे. पुढे सांधा झिजू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लपवलं नाही, याचं मला मोल वाटतं.

आता पीठ मुलगी मळते, मी थापते. परवा २० झाल्या, एकविसावीला परात हातातून सुटली. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे. तोवर २० वरच थांबणार.