जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: दिवाळीपासूनचा अनुभव, आणि मदत मागण्याविषयी बरंच काही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या पाचव्या पिढीतला, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत नाहीच. मशीन मात्र ठणठणीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सिनॅमन आवृत्ती. तेव्हापासून रोजचं सगळं काम त्यावरच चाललंय.

सिस्टिमबद्दल थोडक्यात सांगतो. वेग चांगला आहे. मिंटवाले किमान २ जीबी रॅम सांगतात आणि ४ जीबीची शिफारस करतात. माझ्याकडे ८ जीबी आहे आणि कधी अडलं नाही. प्रिंटर काही न करता ओळखला गेला. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कगपसुद्धा. अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

पण हे मशीन आज माझ्या हाताशी आहे ते इंटरनेटवरच्या इंग्रजी फोरमवर जगभरातल्या लोकांनी केलेल्या मदतीमुळे, आणि ती मदत कशी मिळते हे कुणी नीट सांगत नाही.

माझी अडचण वाय-फायची होती. वाय-फायच्या चिपचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, तरी नेटवर्क दिसेना. अशा वेळी बहुतेक जण लिहितात, ‘वाय-फाय चालत नाही, अर्जंट मदत हवी.’ त्यावर उत्तर देणारा काय करणार? तो विचारतो: कुठली चिप, कुठली आवृत्ती, नेमकं काय दिसतं? त्याचा दिवस सुरू होतो तेव्हा आपण झोपलेले असतो, आणि अशा दोन फेऱ्यांत दोन दिवस जातात.

मिंटमध्ये सिस्टिम रिपोर्ट्स (२२.३ पासून सिस्टिम इन्फर्मेशन) नावाचं एक साधन आधीपासूनच असतं. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स, वाय-फाय, कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर सगळं एका पानावर येतं आणि एका बटणात कॉपी होतं. नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि सिरियल नंबर त्यातून आपोआप गाळले जातात, त्यामुळे ते चार लोकांत टाकायला भीती नाही. लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वाय-फाय कार्डं बसवलेली असतात. खरी ओळख चार-चार आकडी-अक्षरी खुणांच्या जोडीत असते: पहिली कंपनीची, दुसरी त्या चिपची. ती जोडी या अहवालात मिळते.

मी तो अहवाल दिला, काय केलं ते क्रमाने लिहिलं, आणि ड्रायव्हर हाताने सुरू करताना टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आलेला संदेश जसाच्या तसा चिकटवला: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. पहिल्याच उत्तरात निदान आलं. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू होतं, आणि ज्या डिजिटल किल्लीने ड्रायव्हरवर सही झाली होती ती मशीनने अजून स्वीकारलेली नव्हती. किल्लीची नोंदणी नव्याने मागायची, मशीन पुन्हा सुरू करायचं, आणि निळा पडदा आला की कुठलंही बटण दाबून किल्ली नोंदवायची. हा पडदा फक्त १० सेकंद थांबतो, हेही त्या भल्या माणसाने आधीच सांगून ठेवलं. वाय-फाय सुरू झालं.

त्या पाच शब्दांच्या संदेशात सगळं होतं. तो मजकूर म्हणून लिहिला, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो टाकला नाही, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असे तिरके, चमकणारे फोटो सर्रास येतात. ते वाचता येत नाहीत, त्यातून काही कॉपी करता येत नाही, आणि उद्या तीच अडचण आलेल्या माणसाला शोधून सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट मला एका परिचित डीटीपीवाल्या काकांमुळे नीट कळली. त्यांचा प्रश्न होता, ‘लिनक्सवर शिवाजी फाँट कसा टाकायचा?’ याचं उत्तर सोपं आहे आणि त्यांना ते लगेच मिळालंही. पण त्यांना करायचं होतं वेगळंच: जुन्या स्मरणिकेतले लेख वेबसाइटवर चढवायचे होते. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फाँट टाकून मजकूर फक्त त्यांच्याच मशीनवर नीट दिसला असता. त्यांना हवा होता तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून देणारा कन्व्हर्टर. शेवटी काय साधायचंय हे एका वाक्यात लिहिलं असतं तर तेच आधी हाती आलं असतं. इंग्रजी अगदी मोडकंतोडकं असलं तरी चालतं; हे एक वाक्य मात्र हवंच.

उत्तर देणाऱ्यांना यातून पगार मिळत नाही. त्यामुळे अडचण सुटली की मी परत जाऊन कशाने सुटली ते लिहितो आणि शीर्षकात ‘सुटलं’ असं जोडतो. नुसतं ‘थँक्यू, झालं’ लिहून गायब होणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. नंतर शोधत येणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही.

एक गोष्ट अजून चालत नाही: बोटाच्या ठशाचा सेन्सर. त्याचाही यूएसबी क्रमांक देऊन विचारलं. उत्तर एका ओळीचं आलं: लिनक्सवर ठशांचं काम पाहणाऱ्या लिबएफप्रिंटच्या यादीत हा सेन्सर नाही, त्यामुळे सध्या चालणार नाही. मला हे उत्तर आवडलं. पुढच्या कित्येक संध्याकाळी वाचल्या, आणि लॉगिन पासवर्डने करतोय.