सही मृत्युपत्रासाठी केली, नोंद बक्षीसपत्राची झाली

मी ६८ वर्षांची अविवाहित, निवृत्त मुख्याध्यापिका आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात स्वतःच्या पगारातून बांधलेल्या घरात एकटी राहते. माझ्या बाबतीत जे घडले ते लिहून काढायला मला बरेच महिने लागले. पण ज्यांना मूलबाळ नाही अशा माणसांना नेमके कुठे गाठले जाते हे कळल्यावर गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही.

चुलतभावाचा मुलगा माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून घरी येऊ-जाऊ लागला. दवाखान्यात तो दोन रात्री माझ्या उशाशी बसला होता, हे मी आजही नाकारणार नाही. नंतर बँकेची, औषधांची कामे तोच करू लागला आणि एके दिवशी म्हणाला, "आत्या, तुमच्यामागे या घराचं काय? सगळे कोर्टात भांडत बसतील." ही भीती खोटी नव्हती. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तिची मालमत्ता आईवडिलांकडे आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे माझ्या बाबतीत भावंडे आणि दिवंगत भावाची मुले. मला घर अर्धे त्याला आणि अर्धे माझ्या भाचीला द्यायचे होते. तसा मसुदा त्याने घरी मला मोठ्याने वाचून दाखवला.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. बाहेर ऊन भाजत होते, आत गर्दी होती, आणि माझ्या हातात जो दस्त आला त्याच्या पानांवर सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. मी फुल्या पाहून सह्या करत गेले. कॅमेऱ्यासमोर माझा फोटो निघाला, अंगठा घेतला, आणि नंतर त्याचाही फोटो व अंगठा घेतला गेला. "मजकूर मान्य आहे ना?" असे विचारल्यावर मी हो म्हटले, कारण घरी ऐकलेला मजकूर मला मान्यच होता.

तिथे दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मृत्युपत्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात; ज्याला मालमत्ता मिळणार त्याची सही लागतच नाही. बक्षीसपत्रात, म्हणजे हयातीतच मालमत्ता देऊन टाकण्याच्या दस्तात, मात्र 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात, कारण घेणाऱ्याने दान स्वीकारावे लागते. दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. "खर्चाचं तुम्ही बघू नका, आत्या," असे म्हणून त्याने लाखाच्या घरातली रक्कम भरली होती आणि मला ते त्याचे प्रेम वाटले. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नसते.

डिसेंबरात अंगणात दोन माणसे टेप धरून उभी दिसली. मी विचारले तेव्हा एकजण आदराने म्हणाला, "मॅडम, मालकांनी मोजायला सांगितलंय." त्याच आठवड्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, काढून आणला. दस्ताचा प्रकार: बक्षीसपत्र. लिहून घेणार म्हणून फक्त त्याचे नाव होते. भाचीचे नाव कुठेही नव्हते.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि ते मृत्यूनंतरच अमलात येते. बक्षीसपत्राने मालकी नोंदणीबरोबर जाते आणि नंतर मन बदलले म्हणून ते रद्द करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, ज्याखाली दिलेली मालमत्ता परत मागता येते, पण ते मुख्यतः सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी आहे, आणि २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला फार महत्त्व दिले. माझ्या दस्तात 'प्रेमापोटी व विनामोबदला' एवढेच लिहिले आहे. ज्यांना हयातीतच घर द्यायचे असेल त्यांनी 'आमरण राहू देण्याच्या आणि सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नये, असे मी कळकळीने सांगते. दस्त आदल्या दिवशी घरी मागून घ्यावा आणि घेणाऱ्याशी संबंध नसलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावा.

उरलेल्या ठेवींचे आणि दागिन्यांचे मृत्युपत्र मी आता केले आहे. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे झाले, असे मला पूर्वी वाटत असे. पण नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, त्यावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा असतो. म्हणून दोन्हीकडे भाचीचेच नाव ठेवले. अंमलबजावणीसाठी माझ्याहून वयाने लहान अशा एका सहकारी शिक्षिकेला नेमले आणि सहीच्या दिवशी डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडले.

फसवणुकीने करून घेतलेला दस्त रद्द करण्यासाठी, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. मी तो लावला आहे, आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २३ खालचा अर्जही दिला आहे. घरटॅक्स मीच भरते आणि प्रत्येक पावती फाईलला लावते, कारण ताबा माझ्याकडेच आहे हे दाखवायला वकिलांनी पहिल्यांदा त्याच मागितल्या.