चेंदणीच्या खाडीकाठी चंद्रोदय: एका कॅमेरा क्लबच्या सहलीचे परीक्षण

वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, ठाण्यातील एका हौशी छायाचित्रकारांच्या क्लबने चेंदणी कोळीवाड्याजवळच्या खाडीकाठी उगवत्या चंद्राचे छायाचित्रण आयोजित केले होते. शुल्क प्रत्येकी 500 रुपये होते आणि आम्ही चौदा जण होतो. शिकवणीच्या दृष्टीने इतकी सकस संध्याकाळ मी क्वचितच अनुभवली. जागेची पूर्वतयारी मात्र कमी पडली, आणि ती सहज करता येण्याजोगी होती, म्हणूनच येथे सविस्तर लिहीत आहे.

दिवसाची निवड अचूक होती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. चतुर्दशीला तो सूर्यास्तापूर्वीच वर येत असल्याने डोंगर, झाडे आणि होड्या अजून उजेडात असतात. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि वर येईपर्यंत अंधारू लागते; प्रतिपदेला तर तोच चंद्र काळ्या आकाशात वर येतो आणि छायाचित्रात पांढरी टिकली तेवढी उरते. मार्गदर्शकांनी प्रकाशाच्या मोजमापाचे गमक एका वाक्यात सांगितले: चंद्रावर ऊन पडलेले असते, म्हणून त्याचे माप रात्रीचे नव्हे, उन्हातल्या वस्तूचे घ्यायचे. उंचावर आलेल्या पूर्ण चंद्राला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि एफ/11 (लेन्सच्या छिद्राचे माप) ठेवल्यास शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उघडे ठेवावे लागते. क्षितिजालगत हवेचा थर जाड असल्यामुळे तो मंद व तांबूस दिसतो, तेव्हा शटर बरेच संथ करावे लागते.

माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका त्यांच्या 200 मिलिमीटरच्या लेन्समुळे हिरमुसल्या होत्या, कारण त्या लेन्सने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, चंद्र जेमतेम दोन मिलिमीटरचा उमटतो. मार्गदर्शकांनी त्यांना हात लांब करून करंगळी आकाशासमोर धरायला सांगितले. "काकू, तुमच्या करंगळीच्या रुंदीत दोन चंद्र मावतात. क्षितिजावर तो मोठा वाटतो, पण असतो तेवढाच. त्याला मोठा करायच्या मागे लागू नका, समोरची होडी चौकटीत घ्या." पुढे त्यांनी हिशेबही दिला: एखादी वस्तू चंद्राइतकी उंच दिसायला हवी असेल, तर तिच्या उंचीच्या सुमारे 115 पट अंतरावर उभे राहावे. तीस मीटरच्या मनोऱ्यासाठी हे अंतर साडेतीन किलोमीटर भरते.

आता उणिवा. जाहिरातीत खाडीच्या पाण्यातील प्रतिबिंबाचे आश्वासन होते. पौर्णिमेच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती दुपारच्या सुमारास येते आणि संध्याकाळी ओहोटी असते; तिथी ऐकताच कोळीवाड्यातील कोणत्याही होडीवाल्याने हे सांगितले असते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी तिवरांच्या मुळांपासून दूर ओसरले होते. एका कुशीवर कललेली होडी आणि चिखलात पावले मोजत चाललेला बगळा एवढेच समोर होते. दृश्य सुंदर होते यात शंका नाही, पण प्रतिबिंबासाठी खास लेन्स भाड्याने आणणाऱ्यांचे पैसे वाया गेले.

दुसरी उणीव वेळेची. संकष्टीला चंद्रोदयाची छापील वेळ पाहण्याची आपल्याला सवय आहे, पण ती वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. चेंदणीहून पूर्वेला कळवा-मुंब्र्याकडची पारसिकची टेकडी आडवी येते. टेकडीने क्षितिज तीन अंश जरी वर उचलले, तरी चंद्र दिसायला बारा-तेरा मिनिटे अधिक लागतात, आणि तेवढ्या वेळात तो दोन बिंबांइतका दक्षिणेकडे सरकलेला असतो. सांगितलेल्या वेळेनंतर चौदा मिनिटांनी टेकडीच्या कडेवर फिकट, किंचित चपटी कोर उमटली, तीही अपेक्षित जागेच्या उजवीकडे. 600 मिलिमीटरची, म्हणजे आकाशाचा छोटासा तुकडाच दाखवणारी लेन्स लावलेल्या तिघांची धांदल उडाली; ट्रायपॉडच्या खिट्ट्या सैल करून नवी चौकट जुळवेपर्यंत बिंब कडेवरून सुटले होते, कारण चंद्र स्वतःच्या व्यासाइतके अंतर दोन मिनिटांत कापतो. आयोजकांनी आदल्या दिवशी एकदा येऊन टेकडीची उंची फोनवरील कोनमापकाने मोजली असती, तर हे टळले असते.

आयोजकांना मी हे दोन्ही मुद्दे लेखी कळवले आहेत आणि पुढच्या सहलीच्या सूचनेत भरती-ओहोटीची वेळ छापण्याचे त्यांनी मान्य केले आहे. नवशिक्यांनी ही सहल अवश्य करावी; ज्यांना पाण्यातला चंद्र हवा आहे, त्यांनी ती वेळ पाहूनच नाव नोंदवावे. माझ्याकडच्या एकोणसाठ छायाचित्रांपैकी मी एकच राखले: कललेल्या होडीच्या नाळेवर टेकल्यासारखा चंद्र, आणि खाली ओल्या चिखलावर पसरलेली त्याची धूसर, पिवळी चमक.