एनएडीचा पुरवठा तोडणे की त्याचा खर्चही वाढवणे?

मेंदूतील ग्लायोमा या गाठीच्या पेशींना ऊर्जानिर्मितीसाठी आणि तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीसाठी एनएडी हे सहविकर (एन्झाइमांना काम करण्यास मदत करणारा रेणू) सतत लागते. ते कमी करून या पेशी मारण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे पुरवठा तोडणे. निकोटिनामाइड या ब-जीवनसत्त्वाच्या रूपापासून एनएडी पुन्हा घडवणारे एनएएमपीटी हे विकर (एन्झाइम) एफके८६६सारख्या औषधाने रोखले की साठा आटतो, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घटते आणि पेशी मरते. मात्र निकोटिनिक आम्ल या त्याच जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या रूपापासून एनएपीआरटी या विकराच्या साहाय्याने एनएडी बनवणाऱ्या पेशी त्यातून सुटू शकतात. आयडीएच१ जनुकात उत्परिवर्तन झालेल्या ग्लायोमांमध्ये हा पर्यायी मार्ग बहुधा बंद असतो, कारण तेथे मिथाइलीकरणामुळे (डीएनएवर मिथाइल गट चिकटल्याने) त्या विकराचे एनएपीआरटी१ जनुक निष्क्रिय होते. म्हणूनच या पेशी एनएडीच्या टंचाईने विशेष लवकर मरतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अडचण अशी की निरोगी पेशीही एनएएमपीटीवर विसंबतात, त्यामुळे ते रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्यांत रक्तातील प्लेटलेट घटण्याचा त्रास आढळला.

दुसऱ्या वाटेत त्याच औषधाला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिली जाते. टेमोझोलोमाइड डीएनएला इजा करते, ती दुरुस्त करण्यासाठी पार्प विकरे सक्रिय होतात आणि त्यांच्या कामात एनएडी वेगाने खर्च होते. नेमक्या त्याच वेळी नवा पुरवठा थांबलेला असतो. आयडीएच१ उत्परिवर्तित पेशींवरील प्रयोगांत ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा प्रभावी ठरली. मला हीच वाट अधिक आश्वासक वाटते, तरी दोन्ही औषधे प्लेटलेट घटवू शकत असल्याने मात्रा आणि वेळ अतिशय जपून ठरवावी लागेल.